मोगऱ्याचा हिवाळा

माझी थोरली बहीण २०२१च्या एप्रिलमध्ये गेली. ते दिवस कसे होते ते वेगळं सांगायला नको. तिची मुलगी जर्मनीत न्यूरेंबर्गला नोकरीला आहे, तिला येता आलं नाही. व्हिडिओ कॉलवर ती घर बघत होती. मध्येच म्हणाली, "मामू, फोन जरा अंगणात न्या." अंगणात आपाचा मोगरा होता. त्याला कुणी चार दिवस पाणी घातलं नव्हतं, तरी फुललेला होता.

त्याच उन्हाळ्यात भाचीनं तिथल्या नर्सरीतून मोगऱ्याची कुंडी विकत आणली. कुंडीला चिठ्ठी होती, 'अराबिशर यास्मिन'. अरबी चमेली. तिनं फोटो पाठवून विचारलं, "हा तर आपला अकोल्याचा मोगरा आहे. हे लोक याला अरबी का म्हणतात?" मी शिक्षक, उत्तर माहीत नसलं तरी काहीतरी सांगायची सवय. तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

नोव्हेंबर आला तशी तिनं कुंडी घरात घेतली. घरातली सगळ्यात उबदार जागा शोधली, ती भिंतीतल्या हीटरच्या शेजारी. रोज पाणी, आठवड्याला खत. डिसेंबरात लांबलचक, फिकट, दोरीसारख्या फांद्या आल्या. मग पानांवर बारीक जाळी दिसली, पानं गळाली, आणि जानेवारीत झाड गेलं. फोनवर ती रडली. एका कुंडीसाठी ती रडत नव्हती, हे मला कळत होतं. म्हणाली, "एवढं जपलं मी त्याला. थंडी लागूच दिली नाही."

हे मी वरुडच्या मामूंना सांगितलं. माझं आजोळ बागवानांचं. बागवान म्हणजे झाडावरची बहार विकत घेणारे. उभ्या बागेत फिरून फळाचा अंदाज बांधायचा, सौदा करायचा, मग राखण, तोडणी आणि मंडी. मामूंनी आयुष्य संत्र्यांच्या झाडाखाली काढलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उसको ताण नहीं दिया उसने. अरे, बारा महिने कौन जागता है?"

या एका वाक्यापायी मी पुढे दोन वर्षं जुनी पुस्तकं चाळत बसलो. जे सापडलं ते इथं मांडतो आहे. थंडीच्या मुलुखात उष्ण मुलुखाचं फूलझाड हिवाळाभर घरात कसं जगवायचं, या प्रश्नावर युरोपनं काही शतकं डोकं फोडलं. त्यासाठी राजवाड्याएवढी घरं बांधली. आणि शेवटी जे हाती लागलं ते मामूंच्या वाक्याच्या फार जवळचं होतं.

आधी ताण म्हणजे काय ते सांगतो. वऱ्हाडातल्या वाचकांना हे माहीत आहे, पण इतरही वाचतात. संत्र्याचं झाड सतत पाणी आणि ऊब मिळाली तर पालवी काढत राहतं, फुलत नाही. फुलायला त्याला थांबावं लागतं. आंबिया बहार घ्यायचा असेल तर पावसाळा संपल्यावर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. वरुड-मोर्शीकडं रात्रीचा पारा तेव्हा दहाच्या आसपास उतरलेला असतो. थंडी आणि कोरड मिळून झाडाची वाढ थांबते. पानं मलूल होतात, थोडी गळतात. नवखा माणूस घाबरतो, बागवान घाबरत नाही. पानांनी केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि त्या साठ्यावर कळी धरते. जानेवारीत हलकी चाळणी, खत, पाणी, की फेब्रुवारीत बाग पांढरी होते. मृग बहाराचा ताण उन्हाळ्यात देतात आणि फूल पहिल्या पावसावर येतं. मोगऱ्याचंही असंच. हिवाळ्यात पाणी कमी करायचं, पानं झडू द्यायची, छाटणी करायची, मुळांना थोडं ऊन दाखवायचं. मग मार्चपासून गजऱ्यांचा हंगाम.

बहार हा शब्द फारसी, म्हणजे वसंत. पण वरुडच्या बागेत तो वसंत राहिलेला नाही. तिथं बहार धरतात, फोडतात, विकतात, बहार वाया जाते. एकदा वर्गात एका पोरानं विचारलं, "सर, बहार उर्दूच्या वहीत लिहू की मराठीच्या?" दोन्ही वह्या मीच तपासतो, त्यामुळे माझं काम सोपं होतं. दोन्हीत लिही म्हटलं. आणि ताण? तो शब्द अस्सल मराठी, पण मामूंच्या उर्दूत तो असा बसलाय की त्यांना दुसरा शब्द सुचणार नाही.

आता नारिंगाकडे वळतो. मोगऱ्याच्या आधी थंडीत जपायची वेळ आली ती नारिंगावर. मसूदी हा दहाव्या शतकातला प्रवासी इतिहासकार. हिजरी ३०४ साली, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, तो आपल्या कोकणात चौलला आला होता. त्या बंदराला अरब सैमूर म्हणत. 'मुरूज अल-जहब' या आपल्या ग्रंथात तो लिहितो, की नारिंग हिंदुस्थानातून हिजरी ३००नंतर आणलं गेलं, आधी ओमानात लावलं, मग बसरा, इराक, शामकडे गेलं. पुढे तो म्हणतो की तिथं त्याचा हिंदुस्थानातला वास आणि रंग राहिला नाही, कारण ती हवा, ती माती, ते पाणी नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं इतकं नेमकं टिपून ठेवावं, याचं मला फार कौतुक वाटतं. झाड नेता येतं, हवा नेता येत नाही. पुढचा सगळा इतिहास ती हवा बनवण्याच्या खटपटीचा आहे.

शब्दही झाडाबरोबर चालत गेला. संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांखा, आणि इंग्रजीत पोचेपर्यंत पुढचा न गळून ऑरेंज. सेव्हिलच्या मोठ्या चर्चला आजही नारिंगांचं प्रांगण आहे. ते मुळात तिथल्या जुन्या मशिदीचं सहन. सेव्हिलपर्यंत झाडाला फारसा त्रास नव्हता, तिथली थंडी सौम्य.

जिथं थंडी जास्त तिथं पहिला उपाय होता जागा निवडायचा. बाबरनं हेच केलं. काबूलची थंडी नारिंगाला सोसणारी नव्हती. त्यानं जलालाबादजवळ, हिवाळा सौम्य असलेल्या जागी बाग-ए-वफा लावली. तिथं नारिंगं होती. हिंदुस्थानातून नेलेली केळी तिथं चांगली वाढली आणि ऊसही लागला, हे त्यानं आपल्या आठवणींत हौसेनं लिहून ठेवलंय. झाडासाठी घर बांधण्याऐवजी झाडाला सोसेल असं गाव शोधायचं, हा शहाणपणाचा मार्ग. पण उत्तर युरोपच्या राजांना ते शक्य नव्हतं. सोसेल असं गाव त्यांच्या राज्यातच नव्हतं.

त्यांनी घरं बांधली. सुरुवातीची घरं म्हणजे आपल्याकडचा मांडव. हायडलबर्गला झाडं जमिनीतच असत. हिवाळा आला की त्यांच्यावर लाकडी घर उभं करायचं, आत शेगड्या पेटवायच्या, वसंतात घर मोडून ठेवायचं. इंग्लंडात लंडनजवळ बेडिंग्टनलाही असंच होतं. जॉन एव्हलिन हा बागांचा शौकीन १६५८ साली तिथं गेला आणि लाकडी आडोशात, शेगड्यांच्या उबेत राखलेली ती जमिनीतली झाडं पाहून त्यानं डायरीत नोंद केली. ती झाडं पुढे १७३९-४०च्या भयंकर थंडीत मेली.

दुसरी पद्धत म्हणजे झाड लाकडी पेटीत लावायचं आणि पेटीच आतबाहेर करायची. याचा कळस व्हर्सायला. चौदाव्या लुईसाठी आर्दुआं-माँसार या वास्तुविशारदानं १६८४ ते १६८६ या काळात नारिंगघर बांधलं. मधला सज्जा दीडशे मीटरहून लांब, भिंती जाड, खिडक्या दुहेरी आणि तोंड दक्षिणेला. हजाराहून जास्त झाडं तिथं हिवाळा काढतात, आजही. ऑक्टोबरात आत आणि मेमध्ये बाहेर.

मला वाटायचं, एवढ्या राजेशाही घरात झाडांना हमामासारखी ऊब देत असतील. तसं नाही. त्या दालनात पाच ते आठ अंशांच्या आसपास तापमान असतं. माणूस तिथं कोट घालून उभा राहील. जाड भिंती आणि दक्षिणेचं ऊन, एवढ्यावर ते चालतं. बर्फ होऊ द्यायचं नाही, इतकंच काम. नारिंगाला तेवढं पुरतं. पुरतं म्हणण्यापेक्षा तेच हवं असतं. वरुडच्या डिसेंबरात जे फुकट मिळतं ते लुईनं दगडात बांधून घेतलं. थंडीनं झाड मरतं आणि थंडीनंच झाड फुलतं. सगळी विद्या मधल्या चार-पाच अंशांची.

ही विद्या सहज आली नाही. एव्हलिनच्या 'कॅलेंडेरियम हॉर्टेन्स' या १६६४ च्या पुस्तकात बागेची महिनावार कामं आहेत, आपल्या कृषी पंचांगासारखी. त्यात तो सांगतो, की झाडांच्या खोलीत ओला कपडा ठेवा, तो गोठू लागला तरच कोळसे पेटवा, तेही धूर निघून गेल्यावर आत आणा. तापमापक घरोघरी येण्याच्या आधीची ही युक्ती. ओल्या फडक्याचा तापमापक! कोळशाच्या शेगडीचा धोका माळ्यांना हळूहळू कळत गेला. बंद खोलीत शेगडी पेटवली की झाड थंडीनं नाही, कोंडलेल्या हवेनं मरतं. १६८५ साली एव्हलिन लंडनच्या चेल्सी औषधी बागेत गेला. तिथल्या माळ्यानं शेगडी खोलीच्या खाली, विटांच्या कमानीत घातली होती. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही तो दारं-खिडक्या उघड्या ठेवू शकत होता, फक्त बर्फ आत येऊ द्यायचा नाही. हे पाहून एव्हलिन खूश झाला आणि १६९१च्या आवृत्तीत त्यानं स्वतःची रचना दिली. बाहेरची ताजी हवा तापवून नळीनं आत आणायची. झाडालाही श्वास लागतो, हे युरोपच्या माळ्यांना असं एकेक झाड मारून कळलं.

आपल्याकडे झाडांची घरं नव्हती असं मात्र समजू नका. अंजनगाव सुर्जीकडं किंवा अकोटकडं पानमळा पाहिला असेल तर आठवा. नागवेलीला लू चालत नाही, सोसाट्याचा वारा चालत नाही, कडक ऊन तर नाहीच. म्हणून बारी समाजाचे शेतकरी चारी बाजूंनी कुडाची भिंत घालतात, आत शेवरीची सावली करतात, पाणी देऊन गारवा राखतात. बाहेर अकोल्याचा मे आणि आत कोकणाचा ऑगस्ट. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. व्हर्सायच्या घराचं आणि या कुडाच्या घराचं तत्त्व एकच, शत्रू तेवढा उलटा. त्यांचा शत्रू जानेवारी, आपला मे. पण पानमळ्यावर कुणी राजानं आपलं नाव कोरलं नाही, म्हणून तो वास्तुकलेच्या पुस्तकात नाही.

आता मोगरा. इथं मला जे सापडलं त्यानं मी खरोखर चकित झालो. फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लो नावाचा मेदिची घराण्याचा वाडा आहे. त्याच्या बागेत लिंबू-नारिंगाच्या शेकडो कुंड्या आहेत, हिवाळ्यात त्या मोठ्या दालनात जातात. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथं राज्य होतं तिसऱ्या कोसिमोचं, तस्कनीचा ग्रँड ड्यूक. त्याच्याकडे गोव्याहून एक झाड आलं. दुहेरी, गच्च पाकळ्यांचा मोगरा. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजावर निम्मं वर्ष किंवा त्याहून जास्त प्रवास, खारा वारा, आणि पिण्याचं पाणी माणसालाच मोजून. ती कुंडी कुणी जगवली, आपल्या वाट्याचं पाणी तिला कुणी घातलं, ते कुठंच लिहिलेलं नाही.

कास्तेल्लोत नारिंगांची एवढी मोठी व्यवस्था असताना मोगऱ्यासाठी वेगळी खोली बांधावी लागली. कारण नारिंग पाच अंशांवर निभावून नेतं, मोगरा नाही. तो जास्त नाजूक, त्याला दहा-बारा अंश तरी हवेत. म्हणून भिंतींच्या आडोशाला असलेल्या एका छोट्या बागेत खास घर उभं राहिलं. त्याचं नाव आजही आहे, 'स्तूफा देई मुगेरीनी'. स्तूफा म्हणजे ऊबघर, आणि मुगेरीनी म्हणजे मोगरे. आपला कोकणी-मराठी मोगरा पोर्तुगीज तोंडात मोगारीम झाला आणि इटालियनमध्ये मुगेरीनो. इटलीत एका खोलीवर मोगऱ्याचं नाव आहे. हे मी भाचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती पलीकडे एकदम गप्प झाली.

ड्यूक त्या झाडाची फांदीही कुणाला देत नसे असं सांगतात. एका माळ्यानं चोरून एक डहाळी आपल्या प्रेयसीला दिली, तिनं ती लावली आणि रोपं विकून दोघांचं लग्न झालं, अशी एक गोष्ट तस्कनीत प्रसिद्ध आहे. खरी असेल नसेल. झाडाच्या मालकीवर पहारा बसला की अशा गोष्टी तयार होतातच. आणि पहारा टिकला नाही हे तर खरंच, कारण 'ग्रँड ड्यूक ऑफ तस्कनी' याच नावानं तो गच्च मोगरा आज जगभरच्या नर्सऱ्यांत मिळतो.

शास्त्रज्ञांनी नावाचा आणखी घोळ घातला. लिनियसनं १७५३ साली मोगऱ्याला पारिजातकाच्या कुळात टाकून 'निक्टँथेस सँबॅक' म्हटलं. ज्यूस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७८९ साली मोगऱ्यासाठी वेगळं कुळच केलं, त्याचं नाव 'मोगोरियम'. त्याच वर्षी लंडनच्या एटननं त्याला चमेलीच्या कुळात घातलं आणि 'जॅस्मिनम सँबॅक' हे नाव टिकलं. त्यातलं सँबॅक आलं अरबी जंबकवरून. अरबी वैद्यकात चमेलीच्या तेलाला जंबक म्हणत. म्हणजे माल ज्या दुकानातून हाती आला त्या दुकानाची पाटी मालाला चिकटली. भाचीच्या कुंडीवरची 'अरबी चमेली' ही तीच पाटी. तिला मी आधी जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं, हे इथं कबूल करतो. अरबांनी ते आपलं म्हणून मिरवलं नव्हतं, युरोपनं त्यांच्या हातून घेतलं एवढंच. यावर भाची म्हणाली, "मग मोगोरियम तरी राहू द्यायचं होतं."

मोगरा, नारिंग ही राजांची चैन होती तोवर गोष्ट वेगळी होती. ती सामान्य माणसाच्या घरात शिरली काचेमुळे. लंडनचा एक डॉक्टर, नथॅनिएल वॉर्ड. १८२९ साली त्यानं पतंगाचा कोश पाहण्यासाठी एका बंद बरणीत ओली माती घालून ठेवली होती. कोशाचं काय झालं ते सोडा, मातीत एक नेच्याचं रोप उगवलं आणि बंद बरणीत, वरून पाणी न घालता, वाढत राहिलं. पाण्याची वाफ काचेला लागून परत मातीत उतरत होती. यातून वॉर्डची काचपेटी निघाली. १८३३ साली अशा पेट्या भरून रोपं सिडनीला गेली आणि जिवंत पोचली. गोव्याहून कास्तेल्लोला निघालेल्या कुंडीच्या नशिबी जे हाल होते ते संपले. याच पेट्यांतून १८५०च्या सुमारास रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची सुमारे वीस हजार रोपं हिंदुस्थानात आणली. त्या चहाचं पुढे काय झालं तो वेगळाच विषय, आणि सकाळी सहा वाजता मी त्या इतिहासाचा लाभार्थी असतो.

इंग्लंडात १८४५ साली काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. मध्यमवर्गाच्या घराला काचेचा सज्जा, काचेची खोली लागू लागली. शिवाय त्या काळच्या घरांत एक अशी खोली हमखास असे जिथं शेगडी नव्हती. पाहुण्यांची खोली, जिन्याचं वळण, पडवी. गार, पण गोठणार नाही अशी. कुंड्या तिथं हिवाळा काढत. विसाव्या शतकात घराला मध्यवर्ती ताप आला. पाइपातून गरम पाणी, प्रत्येक खोलीत हीटर, सगळीकडे वीस-एकवीस अंश. माणसाची मोठी सोय झाली, आणि कुंडीची गार खोली गेली.

भाचीचा पहिला मोगरा याच एकवीस अंशांत मेला. ऊब झाडाला सांगते, वाढ. पण डिसेंबरात न्यूरेंबर्गला दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही ढगाळ. वाढायचा हुकूम आहे आणि वाढायला ऊन नाही. मग त्या दोरीसारख्या फांद्या येतात. हीटरनं हवा कोरडी होते, कोरड्या हवेत लाल कोळी माजतो. पानांवरची जाळी म्हणजे तोच, संत्र्यावर येतो तसाच. त्यात रोजचं पाणी. झाडाला झोप येत होती आणि ती त्याला जेवू घालत होती. आईच्या आठवणीनं आणलेलं झाड कुणी थंडीत कसं ठेवील, हेही खरं.

दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा कुंडी आणली. यावेळी मामूंचा सल्ला होता, आणि शेजारची एक म्हातारी बाई होती. तिच्या इमारतीच्या जिन्यात हिवाळाभर मोठमोठ्या कुंड्या असतात. भाचीनं फोटो पाठवला. पाहतो तर कण्हेर! आपल्याकडं हायवेच्या दुभाजकावर धूळ खात उभी असते ती. तिथं तिला दोन माणसं उचलून ऑक्टोबरात आत घेतात. आपण रस्त्यावर सोडलेलं झाड कुणी एवढ्या इतमामानं जिन्यात बसवलेलं पाहिलं की जरा अपराधी वाटतं.

त्या बाईंनी भाचीला शहरातली जुनी बाग दाखवली. न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ फोल्कामर या व्यापाऱ्यानं १७०८ साली लिंबू-नारिंगांवर मोठा सचित्र ग्रंथ छापला होता, आकाशात लोंबणारं भलंमोठं फळ आणि खाली शहर, अशी चित्रं. त्या शहरातले व्यापारी आपल्या बागांत नारिंगं राखत. त्यातल्या काही बागा सांक्ट योहानिस भागात पुन्हा उभ्या केल्या आहेत. भाची तीन वर्षं तिथून वीस मिनिटांवर राहत होती आणि तिला माहीत नव्हतं. तिथं आजही नर्सऱ्या पैसे घेऊन लोकांच्या कुंड्या हिवाळाभर सांभाळतात. आपल्याकडं ऊसतोडीला जाताना शेळ्या शेजाऱ्याकडं ठेवतात तसं काहीसं.

मोगरा जिन्याच्या वळणावर, खिडकीत गेला. दहा-बारा अंश. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती वरून सुकल्यावर. जानेवारीत पानं गळाली आणि भाचीचा धीर सुटला. "मामू, हाही गेला." मी मामूंना जोडून दिलं. त्यांनी विचारलं, "फांदी नखाने खरोचकर देख. अंदर हरा है?" तिनं नख लावलं. आत हिरवं होतं. "तो फिर सोने दे उसको."

मार्चअखेर छाटणी केली, खत दिलं, पाणी वाढवलं. एप्रिलात कोंब आले. तिला लगेच बाहेर ठेवायचं होतं, पण शेजारच्या बाईंनी अडवलं. जर्मनीत मेच्या ११ ते १५ तारखांना 'बर्फाचे संत' म्हणतात. पाच दिवस, पाच संतांची नावं, शेवटची 'गार सोफी'. त्यांच्या आधी नाजूक झाड बाहेर काढायचं नाही, कारण एखादी रात्र उलटते. आपल्याकडं मृगाच्या आधी पेरू नये म्हणतात, तसंच. मामूंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "देखा? सब जगह किसान एक ही है." मग थोडं थांबून, "पर उनको नागपूर मंडी का भाव मालूम नहीं."

गार सोफी गेल्यावर, १६ मेला, तिनं कुंडी गॅलरीत नेली. कळ्या मोजून सांगितल्या, अकरा. त्या दिवशी अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर होता. आपाचा मोगरा अंगणातून कलम करून मी माझ्या गच्चीवर आणलाय. दुपारी वर गेलो, तर पानांच्या कडा जळायला लागल्या होत्या. कुंडी उचलून आत आणली, दारावर ओलं पोतं टांगलं, आणि तिला फोटो पाठवला.